गर्दीतली आई आणि जुनी झूम लेन्स

आमच्या घरी दर वर्षी एक गोष्ट ठरल्यासारखी होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा विशेषांक किंवा नव्या वर्षाचे कॅलेंडर घरात आले आणि त्यात १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या सोहळ्याचे छायाचित्र असले, की आई पदराने चष्मा पुसते, ते पान खिडकीपाशी नेते आणि गर्दीवरून बोट फिरवीत म्हणते, "यातच कुठंतरी मी आहे बघा. मायच्या कडेवर."

त्या वेळी आई पाच वर्षांची होती. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून आजी तिला कधी चालवीत, कधी कडेवर घेत नागपूरला गेली होती. आईला आता त्या दिवसातले तुटक तुटकच आठवते. पांढरी लुगडी, पायांचा धुरळा, आणि हात सुटू नये म्हणून आजीने मनगट इतके घट्ट धरले होते की ते दुखत होते. बाबासाहेब दिसले का, असे कोणी विचारले तर आई खरे तेच सांगते, "मला माणसांच्या पाठी दिसल्या."

त्या छायाचित्रात आईचे बोट जिथे थांबते तिथे माणसे मोहरीच्या दाण्याएवढी आहेत. आजी त्यात असेल, नसेलही. आजीचा दुसरा एकही फोटो नाही. ती जाऊन पन्नास वर्षे होऊन गेली. तिचा चेहरा आता फक्त आईच्या आठवणीत उरला आहे.

वाचकहो, हा लेख एका जुन्या लेन्सच्या खरेदीविषयी आहे. पण ती खरेदी आम्ही का केली हे आधी सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही, म्हणून एवढी प्रस्तावना केली.

आम्ही म्हणजे दोघे बहीण-भाऊ. आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. १९८८ साली त्यांनी एक वापरलेला पेंटॅक्स के १००० कॅमेरा घेतला. हा कॅमेरा जपानच्या असाही कंपनीने १९७६ साली बाजारात आणला आणि १९९७ पर्यंत तो तयार होत राहिला. लोखंडासारखा दणकट, सगळे काम यांत्रिक. एक छोटी बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजणाऱ्या काट्यापुरती. ती संपली तरी कॅमेरा चालूच राहतो. काटा बंद करायला बटण नाही, लेन्सवर टोपी लावली की तो शांत होतो. त्यामुळे "टोपी लावली का?" हा प्रश्न आमच्या लहानपणी घरात जेवलास का यापेक्षा जास्त वेळा विचारला जाई.

त्या कॅमेऱ्यावर ५० मि.मी.ची साधी लेन्स होती. तिच्यावर दादांनी वस्तीतले नामकरण विधी, मंगल परिणय, जयंतीच्या मिरवणुका, विहारातला वर्षावास, सारे टिपले. पैसे घेत नसत. रोल आणि प्रिंटचा खर्च ज्याचा त्याने द्यायचा एवढाच नियम. वस्तीतल्या कितीतरी भिंतींवर आजही त्यांनी काढलेले फोटो आहेत.

दादा २००९ साली कालकथित झाले. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा म्हणून आम्ही कपाट उपसले. पत्र्याच्या दोन पेट्या भरून निगेटिव्ह होत्या, पण त्यांत दादा कुठेच नव्हते. ते नेहमी कॅमेऱ्यामागे. शेवटी कारखान्याच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घेतला. नखाएवढा फोटो भिंतीएवढा केल्यावर जे होते तेच झाले. डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग आणि कपाळावर शिक्क्याची अर्धी कड. आलेल्या माणसांनी त्या डागांपुढे पुष्पे वाहिली. वस्तीचे चेहरे जपणाऱ्या माणसाचा स्वतःचा चेहरा आम्ही जपला नव्हता. ती गोष्ट आम्हाला आजही बोचते.

आईच्या बाबतीत हे होऊ द्यायचे नाही, असे आम्ही त्याच दिवशी ठरविले. पण आईचा फोटो काढणे सोपे नाही. कॅमेरा समोर आला की ती पदर सावरते, हात मांड्यांना चिकटवते, ओठ मिटते आणि शाळेतल्या प्रार्थनेसारखी ताठ उभी राहते. तिचा पहिला फोटो लग्नानंतर स्टुडिओत काढला होता. फोटोवाल्याने सांगितले होते, हलायचे नाही. आई तेव्हापासून हललेलीच नाही. एरवी ही बाई विहारातल्या महिला मंडळात बसली की तिच्या हसण्याने खिडक्या वाजतात. ते हसणे एकाही फोटोत नाही.

म्हणून युक्ती अशी निघाली की आईला कळू न देता, लांबून फोटो घ्यायचा. आणि तो नागपुरात घ्यायचा, दीक्षाभूमीवर, जिथे तिला तिच्या माहेरकडच्या बाया भेटतात आणि ती सगळे भान विसरते. तिचे गुडघे आता कुरकुर करतात. दर वर्षी ती "हे शेवटचं" म्हणून निघते. एखादे वर्ष खरेच शेवटचे असणार हे आम्हालाही कळत होते.

मोबाइलने का नाही, असे आम्हाला पुष्कळांनी विचारले. मोबाइलवर लांबचा चेहरा बोटांनी ताणून मोठा केला की तो फुटतो. चांगल्या लेन्सचे महागडे मोबाइल असतात, पण आमचे तसे नाहीत. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. आमच्या एका जुन्या मोबाइलबरोबर चार वर्षांचे सगळे फोटो गेले, परत मिळाले नाहीत. दादांच्या १९८८ च्या निगेटिव्ह मात्र आजही उजेडापुढे धरल्या तर माणसे ओळखू येतात. आणि तिसरे कारण मनाचे. आईचा फोटो दादांच्या कॅमेऱ्याने निघावा.

तर मग लेन्स किती लांबची हवी? आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिशेब अवघड नाही. कॅमेरा उभा धरला तर ३५ मि.मी. रोलवरच्या चौकटीची उंची ३६ मि.मी. भरते. समोरचे माणूस दहा मीटरवर आहे असे धरा. ५० मि.मी. लेन्सने त्या चौकटीत सुमारे ७ मीटर उंचीचे दृश्य येते, म्हणजे माणूस चौकटीच्या पावभागही नाही. १३५ मि.मी.ने सुमारे पावणेतीन मीटर. २०० मि.मी.ने १.८ मीटर, म्हणजे उभे माणूस डोक्यापासून पायापर्यंत नेमके मावेल. बसलेली बाई असेल तर ती आणि तिच्या शेजारच्या दोघी. आम्हाला हेच हवे होते. दहा मीटर अंतर गर्दीत पुरेसे आहे, आईचे लक्ष जाणार नाही.

एकाच लांबीची लेन्स घ्यावी की झूम? एका लांबीची लेन्स बहुधा जास्त स्वच्छ आणि हलकी असते. परंतु दीक्षाभूमीवर दोन पावले मागे सरायला जागा कोण देणार? मागे दुसऱ्याचे मूल असते, पुढे कोणाची पिशवी. तिथे पाय हलत नाहीत, तेव्हा लेन्सनेच हलले पाहिजे. म्हणून ७० किंवा ८० पासून २०० किंवा २१० मि.मी. पर्यंतची झूम हवी, एवढे पक्के झाले. १९७० ते १९९० या काळात जपानी कारखान्यांनी अशा लेन्स फार मोठ्या संख्येने बनविल्या. त्यामुळे त्या जुन्या बाजारात अजून मिळतात आणि परवडतात.

इथून आमच्या चुकीला सुरुवात झाली.

आमच्यातला धाकटा पुस्तके वाचून नावांच्या मागे लागला. एका नामांकित लेन्सची फार कीर्ती होती. ती परगावच्या एका विक्रेत्याकडे आहे असे कळले. फोटोत लेन्स नव्यासारखी दिसत होती. आम्ही साडेसहा हजार रुपये पाठविले आणि पार्सल मागविले. लेन्स आली. बाहेरून एक ओरखडा नाही. टॉर्च लावून आत पाहिले तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली. विक्रेत्याला कळविले, तर त्याने पाठविताना चांगली होती म्हणून हात झटकले. दुरुस्तीवाल्याने आत पाहून सांगितले की बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला आहे. ती पुसता येईल, पण डाग जाणार नाहीत.

साडेसहा हजार ही आमच्यासाठी लहान रक्कम नव्हे. दोन दिवस घरात कोणी त्या विषयावर बोलले नाही. आईला पार्सल कसले हे कळू द्यायचे नसल्यामुळे भांडताही येईना!

त्याच आठवड्यात पौर्णिमेला विहारात वंदनेला बसलो होतो. धम्मवंदनेत 'एहिपस्सिको' हा शब्द येतो. लहानपणापासून शेकडो वेळा म्हटलेला. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी तो शब्द तोंडातून निघाला आणि थोरलीने धाकट्याकडे पाहिले. दोघांनाही एकदमच लाज वाटली. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते हेच, की कोणी थोर म्हणतो म्हणून, पूर्वापार ऐकत आलो म्हणून मानू नका. स्वतः तपासून पाहा. आम्ही धम्माच्या बाबतीत हे मानतो, सभेत सांगतो, आणि बाजारात मात्र नावाला नमस्कार करून पैसे टाकतो. फसवणूक विक्रेत्याची खरीच, पण न पाहता विश्वास ठेवण्याचे काम आमचेच होते.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे फोर्टात बोरा बाजारात गेलो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या समोरच्या बाजूला, आत शिरले की कॅमेऱ्यांची दुकाने आणि दुरुस्तीवाले लागतात. तिथल्या एका वयस्कर दुरुस्तीवाल्या चाचांनी आमची कहाणी ऐकली, हसले नाहीत. ते म्हणाले, "ताई, नाव नंतर बघा, आधी काच बघा." आणि त्यांनी आम्हाला जुनी लेन्स तपासायला शिकविले. ते इथे सांगतो, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट टॉर्च. लेन्सची दोन्ही झाकणे काढून, अपर्चर पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्च मारायचा आणि दुसऱ्या बाजूने तिरपे पाहायचे. थोडी धूळ असतेच, तिने फोटो बिघडत नाही. बारीक तंतूंची जाळी म्हणजे बुरशी. दुधाळ धुके दिसले तर उजेडाकडे तोंड करून काढलेले फोटो फिकट येणार. काचेच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर दोन काचा जोडणारा डिंक सुटू लागला आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट अपर्चरची पाती. मागची छोटी कळ बोटाने सरकवून सोडली की पाती टचकन मिटली आणि उघडली पाहिजेत. पात्यांवर तेल आले असेल तर ती आळसावतात आणि फोटो जास्त उजळ पडतो.

तिसरी गोष्ट झूमचे कडे. त्या काळच्या बऱ्याच झूममध्ये एकच रुंद कडे असते. ते पुढे-मागे सरकविले की लांबी बदलते, फिरविले की फोकस होतो. हाताला सवय झाली की हे फार जलद होते. पण वय झाले की ते कडे ढिले पडते. लेन्स खाली तोंड करून धरायची. कडे आपोआप घसरले तर पैसे कमी करून मागायचे किंवा सोडून द्यायची.

चौथी गोष्ट माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती जागा. पेंटॅक्सचे के माउंट १९७५ साली आले. ती लेन्स पिळून बसते. त्याआधीच्या पेंटॅक्स लेन्स स्क्रूच्या आट्यांच्या आहेत, त्या मधली रिंग लावल्याशिवाय बसत नाहीत. निकॉन, कॅनन, मिनोल्टा यांची माउंट वेगळी. दुकानात "बसेल, बसेल" म्हणतात. बसवून पाहावी. आम्ही दादांचा कॅमेरा पिशवीतून नेला होता, चाचांनी तो हातात घेऊन शटर कानाशी नेले आणि म्हणाले, वापरणाऱ्याने जीव लावला आहे.

त्या दिवशी आमच्यापुढे तीन लेन्स आल्या.

पहिली व्हिविटार सिरीज १, ७०-२१० मि.मी., एफ ३.५. ही लेन्स व्हिविटारच्या नावाने विकली गेली तरी वेगवेगळ्या जपानी कारखान्यांनी वेगवेगळ्या वेळी बनविली. अनुक्रमांकाचे पहिले दोन आकडे पाहिले की कारखाना कळतो. २२ असेल तर किरॉन, ३७ असेल तर टोकिना, २८ असेल तर कोमिने. समोरची २२ ची होती. धाकट्याचे डोळे चमकले. काच स्वच्छ होती. पण वजन पाऊण किलोच्या पुढे, आणि खाली धरली की कडे सरकन घसरे.

दुसरी टॅमरॉन, ८०-२१० मि.मी. हिची गंमत अशी की मागची रिंग बदलली की हीच लेन्स निराळ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसते. ही पद्धत फार सोयीची आहे. परंतु समोरच्या लेन्सला निकॉनची रिंग होती आणि पेंटॅक्सची रिंग दुकानात नव्हती. मागवून देतो म्हणाले. आम्ही एकदा पोळलो होतो. जे समोर नाही ते विकत घ्यायचे नाही, असे ठरवून ती बाजूला ठेवली.

तिसरी पेंटॅक्सचीच, एम मालिकेतली ८०-२०० मि.मी., एफ ४.५. दिसायला साधी. नळीवरचा काळा रंग एका बाजूने उडालेला. वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर. काच स्वच्छ, पाती चपळ, कडे जागेवर थांबणारे.

इथे आमच्यात वाद झाला. धाकट्याचे म्हणणे, एफ ३.५ ची लेन्स जास्त उजेड घेते. ते खरेच होते. हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. थोरलीचे म्हणणे, ३.५ आणि ४.५ मधला फरक शटरची पूर्ण एक पायरीसुद्धा नाही. फोटो रात्रीच्या मिरवणुकीचा नाही, ऑक्टोबरच्या नागपुरी उन्हातला आहे, आणि ४०० चा रोल घालणार आहोत. शिवाय दिवसभर एका हाताला आई, दुसऱ्या हाताला पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा. वरचा पाव-अर्धा किलो संध्याकाळी पाच किलोचा होतो. जड लेन्सने हात थरथरला तर तो जास्तीचा उजेड काय कामाचा? २०० मि.मी.वर शटर निदान १/२०० सेकंदाचे हवे, म्हणजे आमच्या कॅमेऱ्यावर १/२५०. त्याहून हळू घेतले की हाताचा थरकाप फोटोत उतरतो.

धाकटा बराच वेळ व्हिविटार हातात घेऊन उभा होता. मग त्याने ती स्वतःच काउंटरवर ठेवली. आजही त्याला ती आठवते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चाचांनी अनामत ठेवून पेंटॅक्सची लेन्स आठ दिवस वापरायला दिली.

आम्ही गच्चीवर गेलो. समोरच्या इमारतीच्या नावाच्या पाटीचा ८०, १३५ आणि २०० वर, एफ ४.५, ५.६, ८ आणि ११ ला फोटो घेतला. कोणत्या क्रमांकाला काय ठेवले ते वहीत लिहिले. रोल धुऊन आला. २०० वर पूर्ण उघडी ठेवली की अक्षरांच्या कडा किंचित मऊ, ५.६ ला बऱ्या, ८ ला खणखणीत. म्हणजे लेन्सचा स्वभाव कळला. जिथे जमेल तिथे ५.६ किंवा ८ वापरायचे. लेन्स चार हजारांना घेतली. रोल आणि धुलाई मिळून हजारावर जाते, तो खर्च वेगळा.

एवढा खर्च एका फोटोसाठी योग्य का, हा प्रश्न आमच्याही मनात आला. तेव्हा दादा नेहमी सांगत ती गोष्ट आठवली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेचे चलच्चित्र नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून घेऊन ठेवले. त्यांनी ते केले नसते तर तो जनसागर पुढच्या पिढीला हलताना-चालताना कसा दिसला असता? दादा म्हणत, आपल्या माणसांकडे आपण पाहिले नाही तर दुसरा कोणी कशाला पाहील. व्हटकरांच्या कामापुढे आमचे काम कणभरही नाही. पण वाट तीच आहे.

२०२३ साली विजयादशमी २४ ऑक्टोबरला होती. आम्ही आईला घेऊन रेल्वेने नागपूरला गेलो. सकाळी स्तूपात वंदना झाली, आईने बोधिवृक्षाला हात लावला, दोन पुस्तके घेतली. दुपारी बाहेरच्या रस्त्यावर एका भोजनदानाच्या मंडपात तिला तिच्या माहेरकडच्या चौघी-पाचजणी सापडल्या. सगळ्या खाली सतरंजीवर बसल्या. थोरली आईशेजारी पाणी घेऊन बसली, धाकटा "चहा बघतो" म्हणून निघाला आणि दहा मीटरवर एका पुस्तकांच्या दुकानाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

मंडपाच्या सावलीत काटा १/२५० आणि एफ ५.६ दाखवीत होता. दोघांमधून सारखी माणसे जात होती. कोणाची पिशवी, कोणाचा निळा झेंडा, कोणाच्या खांद्यावरचे मूल. फोकस लावावा तोवर पाठ आडवी येई. दादा सांगत तसे त्याने कोपर छातीला टेकविले आणि अर्धा श्वास सोडून थांबला. ज्या क्षणी त्यांतली एक बाई आईच्या मांडीवर थाप मारून काही बोलली, तेव्हा वाट मोकळी होती.

रोल मुंबईत येऊन धुतला. ३६ पैकी ११ फोटोंत दुसऱ्यांच्या पाठी, ७ हललेले, ४ मध्ये फोकस आईऐवजी मागच्या पातेल्यावर. लांबच्या लेन्सचे हेच आहे, फोकस दोन वितींनी चुकला तरी माफी नाही. पण एका फोटोत आई आहे. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, पुढचा एक दात नाही तो स्पष्ट दिसतो, पदर खांद्यावरून घसरलेला. आजूबाजूच्या चौघी तिच्याकडे पाहून हसत आहेत. लांबच्या लेन्सने मागची गर्दी जवळ ओढली आहे, त्यामुळे मागचे कितीतरी अनोळखी चेहरे धूसर का होईना आईच्या खांद्याला लागून आले आहेत.

आम्ही आठ बाय बाराचा प्रिंट करून आईपुढे ठेवला. चोरून फोटो काढला म्हणून रागावेल, ही भीती होती. तिने चष्मा पुसला, प्रिंट खिडकीपाशी नेला. बराच वेळ काही बोलली नाही. कॅलेंडरवर फिरते तसेच तिचे बोट फोटोवर फिरले आणि स्वतःच्या चेहऱ्यावर थांबले.

"ही तर माय आहे," ती म्हणाली. "माय अशीच हसायची."

आम्ही दोघेही गप्प राहिलो. आजीचा फोटो नाही, असे आम्ही आजवर सगळ्यांना सांगत होतो.

आता तो प्रिंट दादांच्या फोटोशेजारी आहे. मागच्या बाजूला आम्ही पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि त्या चौघींची नावे लिहिली आहेत. नावे आईला विचारून लिहिली, कारण उद्या कोणाची नात बोट फिरवीत आली तर तिला ठिपका सापडू नये, नाव सापडावे.

लेन्सविषयी शेवटचे दोन शब्द. दादांचा कॅमेरा आम्ही आठवण म्हणून चामड्याच्या केसमध्ये जपून ठेवला होता, तिथेच त्याच्या ५० मि.मी. लेन्सला बुरशी धरू लागली होती. मुंबईच्या पावसाळ्यात चामडे ओल धरते. आता दोन्ही लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असतात आणि महिन्यातून एकदा तरी वापरल्या जातात. वस्तू कपाटात जपली की मरते, हातात राहिली की टिकते.

आपल्या घरी लेन्स नसेल, मोबाइल असेल, तरी हरकत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांचा एक हसरा फोटो या वर्षी काढा, त्याचा कागदावर प्रिंट करा आणि मागे नाव लिहा. पुण्यानुमोदनाच्या दिवशी ओळखपत्र शोधण्याची वेळ कोणावर येऊ नये, एवढीच मंगल कामना. जयभीम!